फॉस्फरसच्या फांद्या

माघ सरत आला आणि समोरच्या वखारीची दारं उघडली. आज सकाळपासून घरातल्या एकूणएक वस्तूला तंबाखूचा वास येतोय. उशीला येतो, भाकरीच्या बुट्टीला येतो, देवघरातल्या धुतलेल्या वस्त्रालाही येतो. रस्त्याकडच्या खिडक्या मी आत्तापासून पाडव्यापर्यंत लावून घेते, फटींत कापडाचे बोळे घालते, तरी येतोच. परवा व्हिडिओवर तुम्ही दोघं म्हणालात, आजी, ढिगाचा रंग किती छान दिसतोय. छान काही नाही. त्या ढिगाजवळ पाच मिनिटं उभे राहा आणि मग शिंका आवरत रंगाबद्दल बोला. या हंगामाविषयी हळवं होऊन लिहिणारी माणसं निपाणीत राहत नाहीत. मी राहते, आणि गेली बारा वर्षं मला या हंगामाचा राग येतो. तो नुसत्या वासाचा नाही.

त्याच फोनवर पार्श्वने विचारलं, आईला पीएचडीला सात वर्षं का लागली? त्याच्या मित्राच्या वडिलांना म्हणे चार लागली. तुमची आई हसून म्हणाली, ‘मी ढ होते रे.’ हे ती सगळ्यांना सांगते आणि सगळे हसतात. ती ढ नव्हती. साडेतीन वर्षांत तिचं काम संपलं होतं. एक प्रकरण आणि एक सही, एवढंच उरलं होतं. पुढची साडेतीन वर्षं तिच्या आयुष्यातून काढून घेतली गेली. घेणारे दोघे होते. त्यातली एक मी.

बारा वर्षांपूर्वीचा हाच हंगाम. तुमचे बाबा नोकरीसाठी नुकतेच तिकडे परदेशात गेले होते. पार्श्वचा अजून पत्ता नव्हता. श्रेया दोन वर्षांची होती. पद्मजा विद्यापीठाजवळची भाड्याची खोली सोडून शेवटचं प्रकरण लिहायला चार महिने माझ्याकडे आली. तिला इथे मी नावानेच म्हणणार. ‘तुमची आई’ लिहिलं की माझी लेखणी उगीच मऊ पडते, आणि आज ती मऊ पडून चालणार नाही.

ती आली ते मला आवडलं नव्हतं. माझं घर घड्याळावर चालतं. साडेपाचला उठणं, सातला देवळात, साडेआठला नाश्ता, आणि दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून भांडी पालथी. पद्मजाने मधल्या खोलीतलं माझं टेबल घेतलं. त्या टेबलावर मी एकतीस वर्षं कॉलेजच्या मुलांच्या जर्नल तपासल्या होत्या. तिने त्यावर लॅपटॉप ठेवला, शेजारी श्रेयाची दुधाची बाटली ठेवली, आणि आपण रसायनशास्त्र करतोय असं जाहीर केलं.

मला ते रसायनशास्त्र वाटत नव्हतं. माझ्या विषयाला वास होता. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास केसांत घेऊन मी घरी यायचे. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग बोटांवरून महिना महिना जात नसत. पद्मजाची बोटं स्वच्छ. पडद्यावर नारिंगी, निळे, करडे गोळे आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या. मी येता-जाता विचारायचे, ‘काय गं, आज कोणता वायू हुंगलास?’ ती मान वर न करता म्हणायची, ‘नायट्रोजन, आत्ती. तुम्हीपण तोच हुंगताय.’ सासूला ती आत्तीच म्हणते.

हे मी घरात म्हणायचे तसं पाहुण्यांसमोरही म्हणायचे. पाहुण्यांना विनोद मिळाला की ते तो पुढे नेतात. सदलग्याहून तिचे आप्पा आले तेव्हा एका पाहुण्याकडून त्यांच्याच कानावर त्यांच्या लेकीबद्दल आलं की, फॉस्फरस शोधायला एवढं शिकायचं कशाला, खताच्या पोत्यात मिळतो की. आप्पांनी चहा अर्धा ठेवला. मी तो अर्धा चहा पाहिला आणि कप उचलून धुवायला टाकला.

खरं तर ती काय करत होती ते मला पहिल्या आठवड्यातच समजलं होतं. मुद्दाम समजलं नाही असं दाखवत होते. तुम्हाला मात्र नीट समजलं पाहिजे.

आपल्याभोवतीच्या हवेत बहुतेक नायट्रोजनच असतो. दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी घट्ट धरून बसलेले. श्वासाबरोबर आत जातात आणि तसेच बाहेर येतात. पिकाला नायट्रोजन हवा असतो, पण पिकाच्या डोक्यावरून वाहणारा हा नायट्रोजन त्याच्या कामाचा नाही. कारखान्यात प्रचंड उष्णता आणि दाब देऊन तो फोडावा लागतो, तेव्हा कुठे युरियाची पोती भरतात. हीच गोष्ट साध्या तापमानाला, हळूच, करता येईल का, यासाठी जगात पुष्कळ माणसं झिजतात. त्यांतला एक मार्ग असा. मधे लोखंडाचा एक अणू. त्याला तीन बाजूंनी फॉस्फरसचे तीन अणू धरून उभे. फॉस्फरस आपले इलेक्ट्रॉन लोखंडाला देतो. मग मोकळ्या बाजूने नायट्रोजनचा रेणू येऊन टेकला की लोखंड ते इलेक्ट्रॉन त्याच्यात ढकलतं. रेणूच्या आतली पकड सैल होते, तो किंचित लांबतो. समोरून असाच दुसरा लोखंडाचा अणू, आपले तीन फॉस्फरस घेऊन, रेणूचं दुसरं टोक धरतो. दोघं दोन बाजूंनी ओढतात. तुटायच्या आधी त्या रेणूला एक चढ चढावा लागतो. तो चढ किती उंच, हे पद्मजा काचेच्या एकाही नळीला हात न लावता, संगणकावरच्या गणिताने काढायची. तवंदीच्या घाटातून लॉरी वर जाईल का, हे लॉरी न नेता सांगायचं, असं तिने एकदा श्रेयाला मांडीवर घेऊन मला समजावलं होतं.

गोम फॉस्फरसमध्ये होती. हे अणू उघडे नसतात. प्रत्येकावर कार्बन आणि हायड्रोजनच्या मोठमोठ्या फांद्या असतात, वाढलेल्या बाभळीसारख्या. त्या सगळ्या गणितात धरल्या तर विद्यापीठाचं यंत्र आठवडेच्या आठवडे गुंतून पडतं. म्हणून या लोकांची एक जुनी रीत आहे. फांद्या कापायच्या, त्यांच्या जागी एकेक हायड्रोजन ठेवायचा आणि गणित लवकर उरकायचं. यात चोरी नाही. फांद्या कापल्यात असं स्पष्ट लिहिलं, आणि त्यांच्यामुळे फरक पडतो का ते एकदा तरी पाहिलं, तर ती शहाण्यांची रीत आहे.

पद्मजाच्या गाईडने पाहिलं नव्हतं. कापलेल्या फांद्यांवर त्याचा पेपर छापून आला होता. नायट्रोजन तुटतो, चढ लहान आहे, असं त्यात ठामपणे म्हटलं होतं, आणि पद्मजाचा प्रबंध त्याच पेपरावर उभा होता. ती म्हणाली, पूर्ण रेणूवर एकदा लावून बघू या. तो म्हणाला, गरज नाही. तिने तरी लावलं. तीन आठवडे ते गणित तिकडच्या यंत्रावर चाललं होतं, आणि इकडे समोरच्या वखारीत गाड्या रिकाम्या होत होत्या. ती सकाळी दूध तापायच्या आत लॅपटॉप उघडायची, एक ओळ वाचायची आणि बंद करायची. मी म्हणायचे, ‘पाळणा हलवल्याने मूल लवकर जन्मत नाही.’ माझ्याकडे अशा वाक्यांना तोटा नव्हता.

एका सकाळी तिने लॅपटॉप बंद केला नाही. पडदा माझ्याकडे वळवला. त्या चार महिन्यांत पहिल्यांदा.

लोखंडाचे दोन अणू नायट्रोजनच्या दोन बाजूंनी येत होते आणि येऊच शकत नव्हते. फांद्या फांद्यांना अडत होत्या. ‘आमच्या सदलग्याच्या वाटेवर उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या समोरासमोर याव्यात तसं झालंय, आत्ती,’ ती म्हणाली. ‘रिकाम्या असत्या तर गेल्या असत्या.’ जिथे छोटा चढ होता तिथे भिंत होती. नायट्रोजन लोखंडाला टेकत होता, थोडासा सैलही होत होता, पण तुटत नव्हता.

रुक्माक्का त्या वेळी फरशी पुसत होती. ती सकाळी माझ्याकडे काम करायची आणि दहानंतर वखारीत जायची. तिने फडकं बादलीत टाकून पडद्याकडे पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. पद्मजाने तिला दोन वाक्यांत सांगितलं, मला सांगताना ओतायची त्यापेक्षा जास्त जीव ओतून. रुक्माक्का म्हणाली, ‘म्हंजी वरचा पाला ब्येस, अन् आत कोंडा. तसंच की वं. आमी ढिगात कोपरापातूर हात घालून बघतो. वरचं बघून कोण घेतंय?’

मी तिला म्हटलं, फरशी वाळायला लागली, पुसून घे.

आता त्या गाईडविषयी. त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्याचा मान राखायचा म्हणून नाही. त्याच्या मुलांनी माझं काही बिघडवलेलं नाही म्हणून. तो माझा विद्यार्थी होता. निपाणीच्या कॉलेजात तीन वर्षं पहिल्या बाकावर, माझ्या हाताखाली. त्याची जर्नल मी पुढच्या वर्गांना नमुना म्हणून दाखवायचे, इतकी ती स्वच्छ. पद्मजाला त्याच्याकडे मीच पाठवलं होतं. ‘माझ्या मुलाकडे जा’ असं म्हटलं होतं.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी तो चार वाजता आला. बेळगावचा कुंदा आणला, माझ्या पाया पडला, श्रेयाच्या गालाला हात लावला. पद्मजाने प्रबंधासोबत द्यायचं प्रतिज्ञापत्र अजून पाठवलं नव्हतं. ‘माझ्या कामाचे सर्व निष्कर्ष यात दिले आहेत,’ अशा अर्थाचं एक पान असतं ते. त्याने ते छापूनच आणलं होतं. टेबलावर ठेवलं आणि बोलायला लागला ते माझ्याशी.

‘मॅडम, तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. फांद्या कापलेलं मॉडेल सगळेच वापरतात. एक जास्तीचं गणित बाहेर ठेवलं तर कुणाचं काय जातं?’

पद्मजा म्हणाली, ‘मॉडेल वापरलं असं लिहू या, सर. पूर्ण रेणूवर ते चाललं नाही असंही लिहू या. दोन ओळी फक्त.’

‘त्या दोन ओळींनी माझा पेपर जातो.’

त्या दुपारी त्याने बोललेलं हे एकमेव सरळ वाक्य. वखारीसमोर गाडीतून पोती पडण्याचे आवाज येत होते. मग तो हसला, माझ्याकडे वळला आणि वातावरण हलकं करायला जुनी आठवण काढली. म्हणाला, आमच्या मॅडमच्या बॅचचं टायट्रेशन कधी चुकायचंच नाही. मॅडमचा नियम कडक, तीन रीडिंग सारखी आली पाहिजेत आणि पानावर खाडाखोड दिसली की दोन मार्क कमी. मग आम्ही पहिलं रीडिंग घ्यायचो आणि खाली दोनदा तेच उतरवायचो. पानं कशी आरशासारखी. अख्ख्या कॉलेजात मॅडमच्या जर्नल पहिल्या.

मी हसले. तो माझं कौतुक करत होता, आणि मी हसले.

पद्मजाने विचारलं, ‘खरी दुसरी, तिसरी रीडिंग किती यायची, सर?’

‘घेतली होती कुणी?’ तो म्हणाला, अजूनही हसतच.

पद्मजाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या मिठाची चाचणी करताना नळीत शेवटचा थेंब टाकून आपण ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने. मी त्या नजरेला उत्तर द्यायला हवं होतं. मला सगळं समजलं होतं. एकतीस वर्षं माझ्या लाल शाईने काय शिकवलं ते त्या एका वाक्यात माझ्या हातात आलं होतं. टायट्रेशनमध्ये दर खेपेला थोडा फरक पडतोच. कुणाचा थेंब जास्त पडतो, कुणाचा हात हलतो. मला एक मुलगी आठवली, चिकोडीहून रोज एसटीने यायची. तिची तीन रीडिंग तीन प्रकारची असायची, एखादं खोडून पुन्हा घेतलेलं. मी तिला दर वेळी दोन मार्क कमी दिले आणि वर्गासमोर त्याची स्वच्छ जर्नल तिला दाखवली. ती एकटी माझ्या वर्गात रसायनशास्त्र करत होती.

हे सगळं मला तिथे, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेसहा झाले होते. आमच्याकडे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. पाहुणा आलेला, पानं मांडलेली नाहीत, कढी अजून उकळायची होती. मला ती नजर नको होती, आणि घड्याळाने मला वाट काढून दिली.

मी म्हटलं, ‘पद्मजा, सही कर आणि पानं घे.’

तिने पानं घेतली. दोन. त्याला वाढलं, मला वाढलं, त्याला कढी दुसऱ्यांदा विचारली. प्रतिज्ञापत्र टेबलावर होतं तसंच राहिलं. आमची जेवणं झाली तोवर बाहेर दिवस मावळला होता, त्यामुळे त्या दिवशी ती जेवली नाही. मी एकदाही जेव म्हटलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात मोठेपणा काही नाही, नुसता वेळ गेला. त्याने तिचं गाईडपद सोडलं. विद्यापीठाने तिला पत्रं पाठवली, तिने उत्तरं पाठवली, पुन्हा पत्रं आली. शेवटी तिने दुसऱ्या विद्यापीठात नव्याने नाव नोंदवलं. नवे गाईड, नवं यंत्र, पहिल्यापासून सुरुवात. तिकडे वसतिगृहात मूल ठेवायची सोय नव्हती, म्हणून श्रेया पंधरा महिने माझ्याजवळ राहिली. नव्या प्रबंधाचं पहिलंच प्रकरण त्या न तुटणाऱ्या नायट्रोजनवर होतं, फांद्यांसकट. पुढच्या प्रकरणात तिने एकेक फांदी बदलून पाहिली, कोणती लहान केली तर दुसऱ्या लोखंडाला वाट मिळते आणि कोणती काढली तर पहिलं लोखंडच मोडून पडतं. मी ते वाचलं आहे. मला त्यातलं दोन तृतीयांश समजलं, आणि समजलं त्यात चूक सापडली नाही. शोधायचा प्रयत्न मी केला होता, हे कबूल करते.

लोक आता मला म्हणतात, सुनेला तुम्ही घडवलंत, घरातच रसायनशास्त्राची गुरू होती. मागच्या वर्षी एका हळदीकुंकवाला एकीने हे चारचौघींत म्हटलं. मी तिला म्हटलं, मी तिला घडवलेलं नाही, तिने माझ्याकडून काही घेतलं नाही म्हणून ती टिकली. ती बाई ओशाळून निघून गेली. गेली तर गेली. आणि तो? तो मोठा झाला. दर एक-दोन वर्षांनी त्याची कुठलीतरी पत्रिका येते, कुठे अध्यक्ष, कुठे प्रमुख पाहुणा. वर ‘आदरणीय गुरुवर्य’ म्हणून माझं नाव हाताने लिहिलेलं असतं. अक्षर अजून तसंच सुंदर. मला त्या अक्षराची किळस येते, कारण त्याला वळण मी लावलं.

तुमच्या पिढीला वाटतं की म्हाताऱ्या माणसांनी आठवणी सांगाव्यात त्या गोड कराव्यात, शेवटी सगळ्यांनी सगळ्यांना माफ करावं. मी त्याला माफ केलेलं नाही. स्वतःला करायचा प्रश्नच येत नाही, तो अधिकार माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांना अजून पूर्ण गोष्ट माहीत नाही.

ती आता सांगते. श्रेया, ही तुझ्यासाठी आहे.

त्या पंधरा महिन्यांत पद्मजा दर शनिवारी निपाणीला यायची आणि रविवारी दुपारच्या गाडीने परत जायची. मी तिच्याशी जेमतेम बोलायचे. तिला पाहिलं की मला माझं ते हसणं ऐकू यायचं, आणि त्याचा राग मी तिच्यावरच काढायचे. काही सांगायचं असलं तर रुक्माक्काच्या तोंडून सांगायचे, समोर उभी असताना. रविवारी आपण दोघी तिला स्टँडवर सोडायला जायचो. गाडी सुटली की तू आडवी पडायचीस. हंगामात तिथे रस्त्यावर सगळीकडे पाल्याचा चुरा पडलेला असतो. त्यात लोळायचीस आणि ‘आई का गेली’ म्हणून ओरडायचीस. लोक बघायचे. मला लोकांनी बघितलेलं खपत नाही. मी तुला उचलून कानात सांगायचे, ‘तिला तुझ्यापेक्षा तिचं काम जास्त आवडतं. रडून काय उपयोग?’ तू खरंच गप्प व्हायचीस. उपाय लागू पडला म्हणून मी तो पुढच्या रविवारी पुन्हा वापरला. आणि त्याच्या पुढच्या.

परवा पार्श्वशी बोलणं झाल्यावर तुमच्यापैकी कुणी फोन बंद केला नाही. टेबलाचा कोपरा दिसत होता आणि तुझं नि तुझ्या आईचं भांडण ऐकू येत होतं. तुझ्या शाळेतला कसलासा कार्यक्रम होता आणि तिला प्रयोगशाळेत जायचं होतं. तू इंग्रजीतच भांडत होतीस. शेवटचं वाक्य मात्र मराठीत बोललीस. म्हणालीस, ‘तुला माझ्यापेक्षा तुझं काम जास्त आवडतं. पहिल्यापासून.’ त्यानंतर दार लागल्याचा आवाज आला.

ते वाक्य तुझं नाही. तू चौदा वर्षांची आहेस आणि तुला वाटतंय की हे तुझं तूच ओळखलंस. ते मी तुझ्या कानात घातलंय, दर रविवारी, तू अडीच वर्षांची असताना. ते खोटं होतं, आणि म्हणताना मला ते माहीत होतं. गाडी वळेपर्यंत तुझी आई खिडकीकडे पाठ करून बसायची, तोंडात पदर कोंबून. तुला तिचं रडणं दिसू नये म्हणून. मला ते दिसायचं.

तिला हे मी कधी सांगितलेलं नाही. तुझ्या तोंडी ते वाक्य कुठून आलं, हे ती अजून स्वतःतच शोधत असेल. हा कागद पोचला की तिच्या समोर बस आणि तिला वाचून दाखव. मोठ्याने वाच, आणि मधलं काही गाळू नकोस.